कारभाऱ्याची हरकत

वडूजकडच्या माळावर मेंढरं राखणारा भाऊसो हाके मोबाइलवर विधानसभेचं कामकाज बघायचा, म्हणून आम्ही त्याला हसायचो. पण गायरानं कंपन्यांना भाड्यानं द्यायचं विधेयक आलंय, हे पहिल्यांदा त्यालाच कळलं. समितीनं हरकती मागवल्या, तशी त्यानं लगेच पाठवली. आमच्या वीस घरांच्या मेंढरांचा तो कारभारी. कारभारी बोलला की वीसही घरं बोलली, ही आमची रीत.

मुदतीला दोन दिवस उरले तवा त्यानं हरकती जमा करणाऱ्या साताऱ्याच्या कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, "तुमची एक हरकत नोंदवलीय."

"एक कशी? वीस घरं हायती, सायब!"

"सही एकच आहे."

तेव्हा जो तो ऊस निघालेल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला कराड, मलकापूरकडं पांगलेला. भाऊसोनं मोटारसायकल काढली आणि शेत न् शेत पालथं घातलं.

म्हातारी बयाबाई भडकली, "आवं कारभारी, तुमाला शब्द दिलाय न्हवं? मग अंगठा कशाला?"

"त्यास्नी शब्द दिसत न्हाई!" भाऊसो खेकसला.

शेवटच्या दिवशी, पाचाला दहा मिनिटं कमी असताना, एकोणिसावा कागद साताऱ्यात कारकुनाच्या टेबलावर पडला.

महिन्यानं समितीपुढं सुनावणी झाली. वीसही घरची माणसं हजर होती. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "वेळ कमी आहे. सगळ्यांच्या वतीनं एकानंच बोला."

भाऊसो उठला. "आधी एकानंच लिवलं हुतं, सायब. तवा का चाललं न्हाई?"