अंगठेबहाद्दर

काल आईला बँकेत नेलं. तिनं कागदावर अंगठा दिला आणि बोटाची शाई केसांना पुसली. ते बघून मला पारावरची प्रचाराची सभा आठवली.

ग्रामपंचायतीला मी दुसऱ्यांदा उभा होतो. घरातला पहिला बीए. विरोधात सखाराममामा, शाळेची पायरी न चढलेले. माईकवर मी विचारलं, "अंगठेबहाद्दराला निवडून द्यायलाव का? मामाला सही तरी येती का?" गाव लय हसलं. बायकांत बसलेल्या आईनं हात पदराखाली घेतला. मला ते दिसलं, तरी मी बोलतच राहिलो.

घरी भाकर वाढताना ती एवढंच म्हणाली, "बाबू, तुझ्या कालेजाच्या फारमावर माझाच अंगठा हाय."

मी निवडून आलो. तिनं मत कुणाला दिलं, हे विचारायची हिंमत मात्र अजून झाली नाही.