बासुंदीचा आग्रह

दुसऱ्यांदा बासुंदी घ्यायला नको होती, ती मी घेतली. मग तिसऱ्यांदाही घेतली.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मुलुंडला आमच्या बैठ्या चाळीत चार बिऱ्हाडं होती. महागाई एका दिवसात अंगावर कोसळली, असं काही झालं नाही. आधी वरणभातावरचं तूप पळीतून चमच्यावर आलं, मग सणापुरतं उरलं. जेवणानंतरचा विडा गेला आणि बडीशेप आली. दूध दोन वेळचं एक वेळचं झालं. कमी झाला नाही तो फक्त आग्रह. पूर्वी यजमानीण आग्रह करायची ती पाहुण्याने घ्यावं म्हणून. आता करायची ती रीत म्हणून. पाहुण्याने वाटीवर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणायचं, तिने ‘थोडी तरी’ म्हणायचं, असं दोनदा झालं की भांडं आल्या वाटेने परत. दोन्हीकडची अब्रू शाबूत. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बासुंदी समोर आली की मला पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत.

शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चिंचा-आवळ्यांसारखे सोयीचे डोहाळे सोडून तिला नेमकी बासुंदी खावीशी वाटली. तिच्या आईने, म्हणजे शेजारच्या वहिनींनी, आठ दिवस घरातलं दूध बंद केलं आणि तेवढ्या बचतीत तबेल्यातलं निर्भेळ म्हशीचं दूध एका रविवारपुरतं आणवलं. त्या आठवड्यात मी एकदा त्यांच्याकडे गेलो, तर मलाही कोराच चहा मिळाला. कोऱ्या चहाने पचन कसं सुधारतं, यावर मी त्यांना चार शब्द ऐकवूनही आलो.

आता दूध आटायला लागलं की वास चारही बिऱ्हाडांत जाणार. भिंतीपलीकडच्या माणसांना नुसता वास देऊन आपण खायचं, हे वहिनींच्या मनाला पटेना. म्हणून आम्हा दोघांना जेवायचं बोलावणं आलं. बोलावणं वासापुरतं होतं, हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. मी सकाळचा चहासुद्धा बेताने घेतला, भूक मरू नये म्हणून.

पुरुषांची पंगत आधी बसली: शेजारी, विक्रोळीहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ आणि मी. वाटी संपली तेव्हा वहिनी पातेलं घेऊन पुन्हा आल्या. पातेलं त्यांनी जरा उंचच धरलं होतं. तळ दिसू नये म्हणून उंच धरतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, वाढायची ऐट असेल.

विक्रोळीच्या भावाने दोन्ही हात वाटीवर ठेवले. शेजाऱ्यांनी वाटी पानाखाली सरकवायचीच बाकी ठेवली होती.

“भावजी, तुम्ही तरी घ्या ना.”

“आता तुम्ही एवढं म्हणताय तर...” मी वाटी पुढे केली.

वहिनींचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी वाढलं. ती वाटी मी संपवली. रीतीप्रमाणे त्यांना पुन्हा विचारणं भाग होतं.

“अजून थोडी?”

“थोडी म्हणजे किती?” असं म्हणून मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

शेजारी खाकरले. “अगं, त्यांना बळजबरी करू नकोस.”

“छे हो, बळजबरी कसली!” मी वहिनींची बाजू घेतली. “अगदी मनापासून घेतोय.”

मग मी ओट्यावर बडीशेप चघळत बसलो आणि आत बायकांची पानं झाली. पातेल्यात पळी खरवडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता. नंतर माझ्या बायकोचा आवाज ऐकू आला, “मला नको हो, मला गोड सोसत नाही.” हिला गोड सोसत नाही, हे मला लग्नाच्या सहाव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, “दोन चमचे आले त्या पोरीच्या वाटीत. माझे आणि तिच्या आईचे धरून. वाटी बोटाने पुसून खाल्ली तिने.”

“पण वहिनी इतकं म्हणत होत्या...”

“त्या म्हणणारच. त्यांनी घ्या म्हणायचं, तुम्ही नको म्हणायचं. एवढंसं काम, तेही जमलं नाही?”

पुढचे आठ दिवस आमच्या घरचं दूध बंद झालं. कोऱ्या चहाने पचन सुधारत नाही, हे इथे नमूद करतो.

रविवारी सकाळी मी स्वतः कडीचा डबा घेऊन तबेल्यात गेलो. समोर उभं राहून दूध काढून घेतलं, भैयाने पाणी घालू नये म्हणून त्याच्या हातांकडे आणि म्हशीकडे आळीपाळीने बघत राहिलो, आणि डबा नेऊन वहिनींपुढे ठेवला.

“अहो, हे कशाला भावजी?”

“तिच्यासाठी,” मी म्हणालो. “तिची इच्छा राहून गेली ना.”

वहिनींनी झाकण उघडून पाहिलं. डबा काठोकाठ होता. त्यांचा चेहरा एकदम सैलावला, आणि सैलावला तशी तोंडातून रीतही बाहेर आली. “बरं, मग दुपारी दोघंही या. वाटीभर तरी घ्यायलाच हवी हं, नाहीतर मी...”

मी नको म्हणायला हात वर केला होता, खरंच केला होता. पण त्याआधी आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला.

“आई, त्यांना आग्रह नको करूस ना! ते काका खरंच घेतात!”