खालची रेषा

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे टॉवेलवाले फाटकाशी आले. तोंडावरचा रुमाल सावरत म्हणाले, "मॅडम, एक गणित मांडून द्याल का?"

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्यांचा अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा छोटा कारखाना. तिथले पांढरे टॉवेल परदेशातल्या हॉटेलांत जायचे. विमानं थांबली, हॉटेलं ओस पडली आणि विणलेला माल कारखान्यातच अडकला.

"हॉटेलवालेच नको म्हणलालेत," ते म्हणाले. "माणसं परत फिरायला कधी लागतील, तेवढं काढून सांगा. माग ठेवायचे का काढायचे, मग ठरवतो."

मी देशोदेशीच्या प्रवाशांचे आणि त्यांच्यापासून होणाऱ्या कमाईचे जुने आकडे जमवले. आधीच्या साथींत आकडा खाली यायचा आणि लवकरच सावरायचा, कारण एक देश बंद झाला की माणसं दुसरीकडे जात. या वेळी सगळीच दारं बंद होती. जुन्या आकड्यांच्या भरवशावर पुढचं सांगणं मला पटेना. शेवटी तीन रेषा काढल्या. साथ लवकर ओसरली तर एक, लाटा येत राहिल्या तर दुसरी, आणि सरहद्दी उघडून पुन्हा बंद होत गेल्या तर तिसरी, सगळ्यांत खालची.

ते आमच्या ओट्यावर लांब बसून कागद बघत राहिले. "तुम्हाला कुठली खरी वाटते?"

"खालची," मी म्हटलं. "तीन-चार वर्षं जातील. आणि पाहुणे आले तरी हॉटेलं आधी जुनेच टॉवेल वापरतील."

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला मराठी नीट समजत होतं, तरी त्यांनी तिला तेच पुन्हा तेलुगूत सांगितलं. ती पदरानं ओट्याची कड पुसत राहिली.

दिवाळीनंतर त्यांनी माग विकायला काढले. मागांना गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून भंगारवाला आला. मी गेले होते. माणसं घणानं बिडाचे सांगाडे फोडत होती आणि टॉवेलवाले दाराशी, त्यांच्याकडे पाठ करून उभे होते.

"माझ्या कागदामुळे तर नाही ना?" मी विचारलं.

"न्हाय ओ. माग काढावेत असं मला पण वाटत होतं. कुणीतरी तोंडानं म्हणायला पायजे होतं."

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. त्यांच्याकडे वीस वर्षं विणणारा मास्तर तिच्यात गेला. सरहद्दी उघडल्या, बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. प्रवासी परतले ते जवळपास मी काढलेल्या खालच्या रेषेवरूनच. वर्गात मी तो आलेख दाखवते तेव्हा मुलं कौतुकानं बघतात. माझा अंदाज इतका जुळल्याचं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

कारखान्याच्या जागी आता शीतपेयांचं गोदाम आहे. टॉवेलवाले दुसऱ्याच्या कारखान्यात देखरेखीला जातात. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. मला पंगतीत बसवून ते व्याह्यांना घेऊन आले आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, "ह्याच त्या मॅडम. सगळं आधीच सांगितलं होतं ह्यांनी."

व्याह्यांनी हात जोडले. मीही जोडले. पानात गरम भात पडत होता आणि वाढणाऱ्याला पुरे म्हणायचंही मला सुचलं नाही.