पंखांवरचे क्रॉस
थिनरचा वास आला की डहाणू रोडच्या हॉलमधलं २०१६चं प्रदर्शन आठवतं आणि डोकं तापतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानाचं मॉडेल मी तिथे मांडलं होतं. जुने फोटो बघून पंखांवरचे काळे क्रॉस रंगवायला महिना गेला होता. वरच्या बाजूला पांढरी कड बारीक, खालच्या बाजूला रुंद. चहा पिऊन परतलो तर त्या क्रॉसवर तिरंग्याचे स्टिकर चिकटवलेले. "पंधरा ऑगस्ट आहे, भाऊ. परक्या खुणा बऱ्या दिसत नाहीत," संयोजक म्हणाले. "जर्मन विमानावर तिरंगा कसा असेल?" मी विचारलं. "एवढं कोण बघतंय?" म्हणत ते हसले. मी स्टिकर ओढले, तर त्यांच्याबरोबर रंगही निघाला. मॉडेल उचलून तडक आशागडला घरी आलो. पंख अजून तसेच आहेत. त्या बारीक कडेला स्थिर हात लागतो, आणि माझा अजून रागाने थरथरतो.