दादाच्या खोलीतली टकटक

दादाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. प्रवरासंगमाच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही सगळे उन्हात उभे, आणि कावळे समोरच्या झाडावर बसून आमची गंमत बघत होते. एकेक जण पुढे होऊन हात जोडत होता. चुलते म्हणाले, तुझं शेत पडीक पडू देणार नाही. मी म्हटलं, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्हाला मोकळं केलं. आई मात्र मोकळी झाली नाही. "त्याचं कायतरी राहिलंय," एवढंच ती घरी येईपर्यंत बोलत होती.

दादा माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर आई आणि तो असे दोघंच राहायचे. घोडेगावच्या बाजारात विकायला येणाऱ्या गाई-म्हशींचे व्हिडिओ काढायचे आणि मोबाईलवरच्या ग्रुपांवर टाकायचे, हा त्याचा धंदा. हायवेवर टँकरनं उडवलं तेव्हा त्याच्या मोबाईलचाही चुरा झाला. उरला तो खोलीतला जुना कॉम्प्युटर. मी नगरला बँकेत नोकरी करते, रविवारी तेवढी येते.

अशाच एका रविवारी त्याच्या खोलीतून आवाज आला. टक. मग जरा थांबून टक, टक. आत गेले तर कॉम्प्युटर चालू आणि त्याच्यापुढे चहाचा कप, वर साय धरलेला. आई दारातून म्हणाली, "दहाव्यापास्नं असंच चाललंय. कायतरी सांगायचंय त्याला." ती दिवसरात्र कॉम्प्युटर बंदच करत नव्हती.

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला राग आला. माझं असंच आहे, भ्यायले की मी ओरडते. "आई, ती हार्डडिस्क हाय. आतून बिघडलीय, मरायला टेकलीय. चालू ठेवशील तेवढी लवकर जाईल."

"मरायला टेकलेलं मानूसच बोलतं," आई म्हणाली. मी प्लग काढायला वाकले तर तिनं वायर दोन्ही हातांनी धरली. साठीच्या बाईशी वायरीसाठी झोंबायचं तरी किती? मी पाय आपटत नगरला परतले. रात्री माझ्या भाड्याच्या खोलीत नळ ठिबकत होता, तर मी उठून तो कपड्यानं बांधून टाकला.

पुढच्या खेपेला खोली शांत होती. पडदा काळा. आई पायरीवर बसलेली. "आता बोलत न्हाई त्यो," ती म्हणाली. "आन नीट करून." आठवडाभर अडून बसलेली बाई आता मला घाई करत होती. मी डिस्क काढून टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर धरून एसटीनं नेली.

नगरच्या दुकानदारानं ती कानाला लावून पाहिली आणि पुण्याला पाठवली. तिकडे म्हणे धूळ नसलेल्या खोलीत उघडतात, दुसऱ्या तसल्याच डिस्कचा वाचणारा काटा काढून हिच्यात बसवतात. "फार चालवलीय हो, पुण्याचे म्हणतात, आतल्या तबकडीवर चरे पडलेत," तो म्हणाला. कुणी चालवली ते मी सांगितलं नाही. आईला त्या दुकानात मी वेडी ठरवू देणार नव्हते.

आलं ते पेनड्राइव्हमधून आलं. फोटो सगळे गेलेले. व्हिडिओंची नावं गेलेली, बरेचसे अर्धेमुर्धे. आणि सगळी जनावरंच. दादा कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे तो कुठेच नव्हता, नुसता त्याचा आवाज. आई माझ्या लॅपटॉपपुढे बसून ऐकायची. "कास बघा, सड बघा, दुसऱ्या वेताची हाय." चित्र हिरवं पडायचं, आवाज एकाच शब्दावर अडकून भुतासारखा तोच तोच शब्द म्हणायचा. मला ते ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, "आई, ह्यात तुला काय घावणार?" ती म्हणाली, "गप ऐक."

आणि एका रविवारी आमचाच गोठा दिसला. आमची तांबडी गाय.

"ही घरची गाय. लई गरीब, लाथ मारत न्हाई. इकायची नव्हती, पन आईचं गुडगं गेल्यात. धार काढून उठताना रडती, अन मला म्हनती डोळ्यात कचरा गेला. घेनाऱ्यानं ती देवळात गेल्यावर यावं. तिच्यानं बघवायचं न्हाई." मग गाय लंगडत नाही हे दाखवायला तो तिला चालवत होता. "चल गं बाई. चल म्होरं."

आईनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला वाटायचं त्याला ठावं न्हाई," ती म्हणाली. दादा गेल्यावरही त्याची आठवण म्हणून ती ह्याच गाईची रोज दोन वेळा धार काढत होती, त्याच गुडघ्यांवर. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती रडली नाही. म्हणाली, "मंजी एवढंच राहिलं हुतं. दिऊन टाकू."

घेणारा टेम्पो घेऊन आला तेव्हा आई देवळात गेली नाही, गोठ्यापाशीच उभी राहिली. गाय टेम्पोला लावलेल्या फळीवर पाय ठेवेना. त्यानं आणि ड्रायव्हरनं ओढली, मागून रेटली, शेपटी पिरगळली. आई कळवळली. "मारू नगासा तिला," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "लाव त्याला."

तो व्हिडिओ मी मोबाईलवर घेऊन ठेवला होता; तो लावून मी मोबाईल वर धरला. "चल गं बाई. चल म्होरं." गाईनं कान टवकारले, मान फिरवून त्याला शोधलं आणि मुकाट फळी चढून गेली. टेम्पोचा मागचा फळका लागला. टेम्पो निघाला तरी माझ्या हातातला मोबाईल बोलतच होता. चल गं बाई, चल. आणि आई पदर सावरून त्या आवाजासरशी टेम्पोच्या वाटेनं चालायला लागली. मी तो बंद केला तेव्हाच ती थांबली.