आबांच्या खिशातली बॅटरी

आमचे आबा घाटातले ड्रायव्हर. महाडहून वरंध घाटाने भोर नाहीतर कशेडीने खेड, सगळं आयुष्य वळणांवर गेलं. आता ते दूध आणायला निघतात आणि डेअरी कुठे ते विसरतात. दोनदा ओळखीच्या माणसांनी रिक्षात बसवून घरी आणून सोडलं, तेव्हा मी जीपीएसची एक डबी घेऊन आले. काड्यापेटीएवढी. ती खिशात असली की आबा कुठे आहेत ते आईच्या मोबाइलवर ठिपका होऊन दिसतं. फक्त बॅटरी भरलेली हवी. बॅटरी उतरली की आबा हरवले.

आईला मी सगळं नीट सांगितलं. पार संपू द्यायची नाही, रात्रभर प्लगला लावून ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. तिने मान डोलावली आणि त्याच आठवड्यात डबी मला गच्चीत सापडली, वाळत घातलेल्या आमसुलांच्या शेजारी. जन्मभर रेडिओचे सेल उन्हात तापवून चालवलेली बाई ती. ऊन दिलं की सेल अजून थोडे दिवस ओढतात, हा तिचा अनुभव; माझं कोण ऐकतंय. मी चांगलीच भडकले. तिने डबी उचलून माठाजवळ गारव्याला ठेवली आणि मला जेवायला बस म्हणाली.

पण त्यानंतर तिने ते काम असं हातात घेतलं की मलाच बोलायला जागा ठेवली नाही. आबा पानावर बसले की डबी चार्जिंगला. अंघोळीला गेले की चार्जिंगला. डबीच्या पिनांना घाम लागून त्या हिरव्या पडायच्या, तर रोज कोरड्या फडक्याने पुसायची. आबांच्या सगळ्या सदऱ्यांना आतून तिने खिसा शिवला, झाकणासकट. आबा निघाले की खिसा चाचपायची. इतक्या लाडाने तिने माझ्या मुलांनाही शाळेत पाठवलं नसेल, असं मी तिला चिडवायचे.

तिला वाट बघायची सवय होतीच. फोन नव्हते तेव्हा घाटातून खाली येणारा कुठलाही ट्रक आमच्या दारात क्षणभर थांबायचा. ड्रायव्हर आतूनच सांगायचा, वर भेटला होता, येतोय मागून. तेवढ्यावर ती भाताला आधण ठेवायची. ड्रायव्हर लोकांची ती रीतच होती. कुणाचा निरोप, कुणाचं औषध, कुणाचा जॅक, जो वर चालला असेल त्याच्या गाडीत टाकायचं. नाव विचारायचं नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. दुपारी आईचा फोन आला.  ठिपका बिरवाडी सोडून पुढे घाटाकडे चालला होता, भरभर. आबा कुणाच्या तरी गाडीत बसले असणार. मी शिकवते त्या शाळेतून तशीच स्कूटर काढली. वाटेत आईचा परत फोन. ठिपका वरंधपाशी थांबला, हलत नाही. तिथून पुढे रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी मी स्कूटरचा वेग वाढवला. थंडीत घाटात उतरवून दिलं असेल तर? आबांना स्वतःचं नाव तरी सांगता येईल का?

गावाबाहेर पडताना ट्रक उभे राहतात त्या नाक्यावर मी ब्रेक दाबला. चहाच्या टपरीच्या बाकावर आबा बशीतून चहा पीत बसले होते.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि तोंडातून रागच आधी बाहेर पडला. खिसा बघितला तर रिकामा. डबी कुठे टाकलीत म्हणून मी भर नाक्यावर त्यांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, भोरला जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला दिली.

"का पण, आबा?"

"घाटात पयल्यांदाच चाललाय तो. एकटा हाय." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्याच्यावर कुणाची नजर नको? तुझी आई बघते ना. मला म्हाईत हाय, ती बघते."

ज्या माणसाला डेअरी आठवत नाही, त्याला हे आठवत होतं.  आईला फोन करून एवढंच सांगितलं, सापडले. मग त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं.

आई उंबऱ्यात मोबाइल धरून बसली होती. आबा तिच्याकडे बघून हसले आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेले. मी तिला सगळं सांगितलं. डोळे पुसत तिने ऐकलं. मग मी मोबाइल बंद करायला हात पुढे केला, तर तिने तो छातीशी धरला.

"ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "घाट पार होऊ दे त्याचा. सकाळीच भरलीय बॅटरी, पुरंल."