मागं कोण राहणार?

नाताळच्या नाटकात मला येशूच्या आईचं, मरीयेचं काम मिळालं आणि आठ दिवस माझे पाय जमिनीला लागेनात! मिशनच्या शाळेत माझ्यासारखी हिंदू घरातली, तीही बडबडी पोर. मोठ्या बाईंची एकच अट होती, बाळ घेऊन गोठ्यात बसायचं, अजिबात हलायचं नाही.

मेंढपाळांत पडेगावची एक मुलगी होती. तिच्या घरी खरीच मेंढरं. तालमीत देवदूतानं बाळाची वार्ता सांगितली, बाकीच्या तिघी गोठ्याकडे पळाल्या, ही जागची हलेना.

"बाई, समदेच गेल्यावर मेंढरांजवळ कोण? लांडगा यील की."

आम्ही खो खो हसलो. मेंढरं म्हणजे कापूस चिकटवलेल्या पाचवीतल्या पोरी!

"माझा बाप बी नाटकाला येणार नाय," ती म्हणाली. "मेंढरं सोडून येता येत नाय."

आमचं हसू विरलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं नाटक बसवतेय, मला कसं सुचलं नाही? एक जण मागं राहील." पडेगावच्या मुलीनं काठी उचलली आणि ती कळपाजवळ बसली.

नाटकाच्या दुपारी पटांगण गच्च भरलं. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी पहिल्या रांगेत शेरवान्या होत्याच. तिघी बाळ बघून परतल्या. कोपऱ्यातली ती मान उंचावून बघत होती, पण कळप सोडत नव्हती. हलायचं नाही, हलायचं नाही! आणि मी उठलेच. टॉवेलात गुंडाळलेली बाहुली घेऊन थेट तिच्याकडे गेले. पेटीचे सूर चुकले. बाळ मी तिच्या मांडीवर ठेवलं.

तिला संवादच नव्हता. तरी ती मोठ्यानं म्हणाली, "बापाला सांगते, बाळ आपल्याकडं बी आलं व्हतं."

मी बोलणी खायच्या तयारीत होते. बाईंनी नाटकाच्या वहीत फक्त लिहिलं, 'मरीया उठते.'

पुढच्या महिन्यात वेरूळची सहल. माकडांपासून डबे राखायला दरवर्षी कुणी तयार नसायचं, सगळ्यात गरीब पोरीच्या गळ्यात ते काम पडायचं. यंदा बाईंनी विचारलं, "मागं कोण राहणार?" तर अर्धा वर्ग हात वर करून उभा! चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. माझी निघाली नाही, आणि खरं सांगते, मला भयंकर राग आला.